गाडीत पाणी शिरलं, वॉरंटी नाकारली: आता भांडायचं कसं?

काच खाली-वर करायची, दार लॉक करायचं, ब्रेक सांभाळायचा, एअरबॅग फुगवायची की नाही ते ठरवायचं, ही सगळी कामं आजच्या गाडीत छोटे छोटे संगणक करतात. त्यांना कंट्रोल मॉड्यूल म्हणतात. महागड्या गाड्यांत त्यांची संख्या शंभराच्या पुढे जाते. यातलं एखादं मॉड्यूल भिजलं की गाडी विचित्र वागायला लागते. वायपर आपोआप फिरतात, रात्रीत बॅटरी उतरते, डॅशबोर्डवर एकाच वेळी पाच दिवे लागतात. गाडी वॉरंटीत आहे म्हणून मालक निर्धास्त असतो. सर्व्हिस सेंटर मॉड्यूल उघडतं, आत हिरवट डाग दिसतात आणि निकाल येतो: ‘पाणी गेलंय, वॉरंटीत बसणार नाही.’

बरेच जण इथेच हार मानतात. पाणी तर खरंच गेलेलं असतं, फोटोत दिसत असतं, मग वाद कशावर घालायचा?

वाद घालायला जागा आहे. मॉड्यूल पाण्याने बिघडलं एवढंच त्या वाक्यातून कळतं. पाणी तिथवर पोचलं कसं, याबद्दल ते काहीच सांगत नाही, आणि वॉरंटीचा निकाल याच प्रश्नावर लागायला हवा. घराचं छत गळून खोलीतलं धान्याचं पोतं भिजलं, तर ‘धान्य पाण्याने खराब झालं’ हे खरंच असतं. पण छत बांधणाऱ्याची जबाबदारी त्याने संपत नाही.

वॉरंटी नक्की कशाची असते?

गाडीची वॉरंटी म्हणजे उत्पादकाने दिलेलं मर्यादित वचन. सामग्रीत किंवा जोडणीत दोष निघाला तर ठरावीक काळापर्यंत किंवा अंतरापर्यंत तो फुकट दुरुस्त करून मिळतो. अपघात, पूर, चुकीचा वापर, देखभालीतली हयगय ही कारणं त्यातून वगळलेली असतात. वगळलेल्या गोष्टींच्या यादीत पाण्याचा उल्लेख बहुतेक वेळा ‘बाह्य कारणं’ किंवा ‘पाण्यात बुडणं’ अशा शब्दांत येतो. आपल्या पुस्तिकेतलं ते वाक्य अक्षरशः वाचा. ‘पाण्यात बुडाल्यामुळे झालेलं नुकसान’ आणि ‘पाण्यामुळे झालेलं कोणतंही नुकसान’ यांत मोठा फरक आहे. सर्व्हिस काउंटरवरचा माणूस कित्येकदा दुसरं वाक्य बोलतो, पुस्तिकेत मात्र पहिलं छापलेलं असतं.

पुस्तिकेत गंजाची वेगळी वॉरंटीही दिसेल. ती पत्र्याला गंजून आरपार भोक पडलं तर लागू होते. कनेक्टरच्या पिनांवरच्या गंजाशी तिचा संबंध नसतो, त्यामुळे तिच्या आधाराने भांडायला जाऊ नका.

पाणी शिरतं कुठून?

गाडी पूर्ण बंद डबा नसते. पाणी काही ठिकाणी आत येणार हे गृहीत धरूनच ती बनवलेली असते. ते बाहेर काढून देणाऱ्या वाटा शाबूत राहिल्या म्हणजे झालं. सनरूफच्या काचेभोवतीच्या रबरातून थोडं पाणी झिरपतंच. ते एका पन्हळीत पडतं आणि कोपऱ्यांतल्या नळ्यांतून, छत पेलणाऱ्या खांबांच्या आतून, खाली रस्त्यावर जातं. नळी तुंबली, निसटली किंवा मुळात नीट बसवलेलीच नसली, की तेच पाणी छताच्या अस्तरात, तिथून खांबातून उतरून पायाखालच्या कार्पेटमध्ये जातं.

दारांचंही तसंच. काचेच्या फटीतून पाणी दाराच्या आत जातं आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. दाराचा पत्रा आणि आतलं पॅनेल यांच्यामध्ये एक पातळ आवरण चिकटवलेलं असतं. त्याचा चिकटपणा सुटला की पाणी केबिनमध्ये येतं. समोरच्या काचेखाली, वायपरच्या जाळीच्या आत, पाणी वाहून नेणारी मोठी पन्हळ असते आणि तिचीही भोकं तुंबतात. मागच्या दिव्यांचे सील, छतावरच्या अँटेनाचं बूड, मागच्या बंपरआड दडलेल्या हवेच्या झडपा यांतून डिकीत पाणी येतं आणि स्टेपनीच्या खळग्यात साचतं. एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबली तर पावसाचा थेंबही न पडता पुढच्या प्रवाशाच्या पायाखाली डबकं होतं. पाणी चिकट असेल आणि गोडसर वास येत असेल, तर ते पाणी नसून हीटरमधून गळणारं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, असण्याची शक्यता जास्त.

मॉड्यूलं बसवलेली असतात नेमकी याच वाटांवर: सीटखाली, कार्पेटखाली, पायाजवळच्या बाजूच्या पॅनेलमागे, डिकीच्या कोपऱ्यात.

आता वादातला कळीचा मुद्दा. इंजिनजवळचे किंवा गाडीच्या तळाचे भाग पाणी सोसतील असे बनवतात. त्यांच्यावर ‘आयपी 67’ सारखा दर्जा लिहिलेला सापडतो. यातला 6 धुळीपासून पूर्ण संरक्षण दाखवतो, तर 7 म्हणजे एक मीटर खोल पाण्यात 30 मिनिटं बुडवलं तरी अपाय होईल एवढं पाणी आत जाणार नाही. केबिनमधली अनेक मॉड्यूलं या दर्जाची नसतात, कारण केबिन कोरडी राहणार हे रचनाकारांनी धरलेलं असतं. म्हणजे केबिन कोरडी ठेवणं हे गाडीचंच काम आहे. काचा बंद असताना, नेहमीच्या पावसात, गाडी ते करू शकली नाही, तर तपास तिथून सुरू व्हायला हवा. उत्पादकही हे जाणतात. म्हणूनच कारखान्यातून बाहेर पडण्याआधी गाडीवर पाण्याचे फवारे मारून ती गळते का, हे पाहण्याची पद्धत आहे.

‘पाऊस होऊन महिने झाले, मग बिघाड आज कसा?’

ही शंका सर्व्हिस सेंटर काढतं आणि मालकालाही ती छळते. उत्तर रसायनशास्त्रात आहे. शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही, पण गाडीत शिरणारं पाणी धूळ आणि क्षार घेऊन येतं. गाडी बंद असली तरी काही मॉड्यूलांना बॅटरीतून वीज मिळतच असते. शेजारच्या दोन पिनांमध्ये 12 व्होल्टचा फरक आणि मध्ये ओल, एवढं जमलं की एका पिनेचा धातू हळूहळू विरघळतो, दुसऱ्या पिनेवर जाऊन जमतो आणि तिथून बारीक फांद्यांसारखा उलट वाढत येतो. फांद्या पहिल्या पिनेला टेकल्या की शॉर्ट होतो. या सगळ्याला आठवडे किंवा महिने लागू शकतात. वर कार्पेट कोरडं ठणठणीत आणि खालचा जाड फोम मात्र ओला, असंही बराच काळ चालतं.

आणखी एक घोळ आहे. वायरीच्या प्लास्टिकच्या आत बारीक तारांचा जुडगा असतो. त्या तारांमधल्या फटींतून पाणी वातीसारखं ओढलं जातं आणि गळतीपासून दूरवरच्या कनेक्टरमध्ये जाऊन बाहेर पडतं. त्यामुळे ‘मॉड्यूलच्या आसपास सगळं कोरडं आहे, म्हणजे तुम्हीच काहीतरी सांडलंत’ हा तर्क टिकत नाही.

पूर, गळती आणि सांडणं यांच्या खुणा

पुराचं पाणी खालून वर चढतं, गळतीचं वरून खाली उतरतं. पुरात उभ्या राहिलेल्या गाडीत सीटच्या रुळांवर गाळ बसतो, सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला की त्यावर मळकी रेघ दिसते, दोन्ही बाजूंच्या आतल्या पॅनेलांवर साधारण एकाच उंचीवर डाग असतो. गळतीत एकच कोपरा भिजलेला असतो, खांबाच्या आत ओघळ सुकलेले असतात, छताच्या अस्तरावर कडा असलेला पिवळट डाग असतो. पेय सांडलं असेल तर मॉड्यूलवर चिकट थर राहतो.

या खुणा दुरुस्तीत पुसल्या जातात. म्हणून कार्पेट उचलण्याआधी आणि उचलल्यावर फोटो काढा. किलोमीटरचा आकडा आणि गाडीचा नंबर दिसेल असा सलग व्हिडिओही हवा. पिवळ्या कनेक्टरना आणि विजेवरच्या गाडीतल्या नारिंगी केबलना मात्र स्वतः हात लावू नका. पिवळे एअरबॅगचे असतात, नारिंगी उच्च दाबाच्या विजेचे. एअरबॅग किंवा ब्रेकचा इशारा लागला असेल तर गाडी चालवत नेऊ नका, टोइंग करून न्या.

काउंटरच्या पलीकडे काय चालतं?

आपल्याला ‘नाही’ म्हणणारा सर्व्हिस ॲडव्हायझर डीलरचा नोकर असतो, पैसे देणार असतो उत्पादक. डीलर आधी काम करतो, मग उत्पादकाकडे दावा पाठवतो. दावा नाकारला गेला, किंवा मंजूर होऊन पुढे तपासणीत चुकीचा ठरला, तर भुर्दंड डीलरला बसतो. त्यामुळे जिथे शंका, तिथे नकार हा त्याच्यासाठी सुरक्षित मार्ग असतो. त्यात दुष्टपणा असेलच असं नाही.

दाव्यात तीन गोष्टी लिहायच्या असतात: तक्रार काय, कारण काय, दुरुस्ती काय केली. शिवाय बिघाडाला कोणता सुटा भाग कारणीभूत ठरला, हेही भरावं लागतं. माझ्या मते सगळी लढाई या एका रकान्याची आहे. कारणीभूत भाग म्हणून ‘मॉड्यूल’ आणि कारण म्हणून ‘पाण्याने नुकसान’ लिहिलं, तर दावा जवळपास मेलाच. त्याच जागी ‘सनरूफची नळी जोडातून निसटलेली’ किंवा ‘मागच्या दिव्याचा सील नीट न बसलेला’ असं आलं, तर दोष त्या भागाचा ठरतो आणि मॉड्यूल त्याच्या परिणामाने बिघडलं असं मांडता येतं. (परिणामी नुकसान वगळणारं कलम आहे का, ते पुस्तिकेत आधी पाहा. विशेषतः नंतर विकत घेतलेल्या वाढीव वॉरंटीत असं कलम असू शकतं, आणि तिच्यात कोणते भाग येतात याची यादीही बरीच आखूड असते.)

म्हणून ‘मॉड्यूल बदलून द्या’ ही पहिली मागणी करू नका. ‘गळती शोधा आणि ती जॉब कार्डवर लिहा’ ही पहिली मागणी. गळती शोधायची रीत ठरलेली आहे: एक जण आत टॉर्च घेऊन बसतो, दुसरा बाहेरून होजने खालपासून वरपर्यंत एकेक भागावर पाणी सोडतो. सुरुवात वरून केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि वाट कळत नाही. गळती न शोधता नुसतं मॉड्यूल बदललं तर नवंही भिजेल.

फॉल्ट कोडची, म्हणजे गाडीने स्वतःच साठवलेल्या बिघाडाच्या नोंदींची, छापील प्रतही याच टप्प्यावर मागा. कोणत्या मॉड्यूलशी संपर्क तुटला, काही गाड्यांत तर किती किलोमीटरवर तुटला, हे या नोंदींतून कळतं. स्कॅनरने कोड पुसले की हा पुरावा गेला. काढलेला जुना भाग वाद मिटेपर्यंत फेकू नये, हेही लेखी कळवा.

नकार लेखी मागा, आणि असा मागा

तोंडी नकाराला उत्तर देता येत नाही. ईमेल मोठा नको, साधारण असा पुरेल:

‘माझ्या गाडीचं अमुक मॉड्यूल पाण्यामुळे बिघडल्याचं सांगून आपण वॉरंटी नाकारली आहे. कृपया पुढील गोष्टी लेखी कळवाव्यात. पाणी कोणत्या मार्गाने आत आलं? तो मार्ग शोधण्यासाठी कोणती चाचणी केली? वॉरंटीच्या कोणत्या कलमाखाली नकार दिला? हा निर्णय डीलरचा आहे की उत्पादकाचा? कोडची प्रत, फोटो आणि जॉब कार्ड सोबत पाठवावं. काढलेले भाग माझ्या लेखी संमतीशिवाय टाकून देऊ नयेत.’

यात आरोप नाही, धमकी नाही. पण चाचणीच केली नसेल तर दुसऱ्या प्रश्नावर अडचण होते. हाच ईमेल उत्पादकाच्या ग्राहक विभागालाही पाठवा.

त्यांचे आक्षेप, तुमची उत्तरं

‘नळी पानांनी तुंबली होती, ती साफ ठेवणं तुमचं काम.’ हा सगळ्यांत अवघड आक्षेप आहे आणि दरवेळी चुकीचा नसतो. पुस्तिकेतलं देखभालीचं वेळापत्रक उघडा. नळ्या साफ करण्याचं काम त्यात आहे का? नसेल, तर मालकाने ज्या नळ्या पाहिलेल्याही नाहीत त्या साफ करायच्या हे त्याला कसं कळावं, असा प्रश्न रास्त ठरतो. ते काम यादीत असेल आणि सर्व्हिस अधिकृत ठिकाणीच झाली असेल, तर ते केलं का, हे सर्व्हिस सेंटरने सांगायचं. काम यादीत आहे आणि सर्व्हिस चुकवलेली आहे, अशी स्थिती असेल तर बाजू कमकुवत आहे. तिथे पूर्ण विजयाऐवजी वाटून घेतलेल्या खर्चाचं बोलणं शहाणपणाचं.

‘गाडी खोल पाण्यातून नेली.’ वर सांगितलेल्या खुणा इथे उपयोगी पडतात. छताच्या अस्तरात ओल आणि तळाच्या जोडण्या कोरड्या, असं असेल तर पाणी खालून आलेलं नाही.

‘जोराच्या फवाऱ्याने धुतली.’ पुस्तिकेत धुण्याच्या सूचना असतात: नोझल किती लांब धरायचं, कुठे फवारा मारायचा नाही. त्या पाळल्या असतील तर साधं धुणं म्हणजे गैरवापर नव्हे.

‘बाहेरून काच बदलली’ किंवा ‘कॅमेरा बसवला.’ पाणी खरोखर त्याच काचेच्या कडेतून येत असेल तर दावा काच बसवणाऱ्यावर करावा लागेल. पण डिकीतल्या दिव्याचा सील गळतोय आणि बोट पुढच्या काचेकडे दाखवलं जातंय, तर हा संबंध कसा जुळतो, ते सिद्ध करायला सांगा.

‘वॉरंटी गेल्या महिन्यात संपली.’ ओल्या कार्पेटची किंवा कुबट वासाची तक्रार आधीच्या एखाद्या जॉब कार्डवर असेल तर ती शोधा. दोष मुदतीत कळवलेला होता, हे त्यावरून दाखवता येतं.

आणि नकार बरोबर असेल तर? काच उघडी राहिली, गाडी पुरात उभी होती, पेय सांडलं, तर वॉरंटीकडून अपेक्षा ठेवू नका. पुराचा विषय विम्याचा. इथे एक सावधगिरी हवी: विमा कंपनीला ‘पुराचं पाणी शिरलं’ आणि उत्पादकाला ‘सील गळतो’ असं एकाच नुकसानीबद्दल सांगितलं, तर दोन्हीकडचे दावे बुडू शकतात. आधी कारण शोधा, मग दार निवडा. तोवर विमा कंपनीला घटना वेळेत कळवून ठेवा, कारण नक्की नसेल तर ‘कारण तपासणीत आहे’ असंच लिहा.

कायदा कुठे मदतीला येतो?

वॉरंटी हे कंपनीचं वचन झालं. त्याच्या जोडीला बहुतेक देशांत ग्राहक कायदा वेगळा हक्क देतो आणि पुस्तिकेतल्या कलमाने तो सहसा हिरावला जात नाही. युरोपीय संघात 2019 च्या निर्देशानुसार विक्रेत्यावर किमान दोन वर्षांची जबाबदारी आहे. माल ताब्यात आल्यापासून पहिल्या वर्षात दिसलेला दोष सुरुवातीपासूनच होता असं सर्वसाधारणपणे धरलं जातं, तसं नसल्याचं विक्रेत्याने दाखवायचं. ब्रिटनमध्ये 2015 च्या कायद्याखाली असं धरण्याची मुदत सहा महिन्यांची आहे. अमेरिकेत 1975 च्या मॅग्नसन-मॉस कायद्यामुळे केवळ बाहेर सर्व्हिस केली किंवा दुसऱ्या कंपनीचा भाग लावला म्हणून वॉरंटी रद्द करता येत नाही. तिथल्या वाहन सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर उत्पादकांनी डीलरना पाठवलेल्या तांत्रिक सूचनाही वाचता येतात. आपल्या मॉडेलच्या गळतीबद्दल तिथे काही सापडलं तर कोणत्याही देशात दाखवायला तो उत्तम कागद आहे.

भारतात ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत ग्राहक आयोगाकडे जाता येतं. आपण राहतो किंवा काम करतो त्या ठिकाणच्या आयोगातही तक्रार चालते. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. डीलर आणि उत्पादक दोघांनाही प्रतिवादी करा, नाहीतर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

त्या पायरीवर स्वतंत्र तज्ज्ञाचा अहवाल वजनदार ठरतो. अहवालात पाण्याची वाट, त्या वाटेवरचा सदोष भाग आणि त्यातून मॉड्यूलपर्यंत लागणारा दुवा, हे तिन्ही फोटोंसह हवेत. गंजाचं वय तारखेनिशी सांगणाऱ्या तज्ज्ञापासून जपून राहा. तेवढं अचूक अनुमान नुसतं पाहून निघत नाही, आणि उलटतपासणीत हाच दावा आधी फुटतो.

‘अर्धे पैसे आम्ही देतो’

आयोगापर्यंत जाण्याआधीच बरेचदा हा प्रस्ताव येतो. कंपन्या त्याला गुडविल म्हणतात: जबाबदारी मान्य न करता केलेली मदत. तो घेण्यात कमीपणा नाही. बाजू मध्यम असेल तर महिनोन्‌महिने गाडी उभी ठेवण्यापेक्षा तो परवडतो. सही करण्याआधी मात्र कागदावर ‘पूर्ण आणि अंतिम तडजोड’ असे शब्द आहेत का, ते पाहा. असले तर सहा महिन्यांनी दुसरं मॉड्यूल बिघडल्यावर हात बांधलेले असतील. ते शब्द काढून ‘फक्त या मॉड्यूलपुरतं’ असं लिहून घ्या. गळतीची दुरुस्ती, भिजलेला फोम सुकवणं किंवा बदलणं आणि त्याच वायरिंगवरच्या बाकीच्या कनेक्टरची तपासणी, हीही कामं त्यात घाला. गाडी परत घेताना पाण्याची चाचणी आपल्यासमोर पुन्हा करायला लावा आणि तिचा निकाल जॉब कार्डवर लिहून घ्या.